कच्ची रेघ

गडद कापडाला साबण.
अंघोळीत झिजत झिजत
बोटभर उरलेला तुकडा
मी नवऱ्याच्या हातून वाचवते,
खिडकीत चार दिवस वाळवते,
विळीवर त्याला धार काढते.
रेघ बारीक येते, पहिल्या धुण्यात जाते.
गिऱ्हाईक म्हणतं, गोधडीला वास किती छान.
मी कशाचा ते सांगत नाही.

लांब रेघेला दोरी.
मोमीनपुऱ्याची रहिमतबी तांदळाच्या पिठात दोरी घोळवायची,
एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे,
मधे साडेसात फूट कापड.
पहिलं वर्षभर आम्ही एकमेकींशी
एवढंच बोललो असू:
ताण.
ताणलंय.
सोड.
टण् करून पीठ उडायचं
आणि खाली सरळ रेघ,
फुंकरीनं जाईल इतकीच.

फुलांना खाका.
बटर पेपरवर फूल काढायचं,
मशीनला दोरा न लावता त्यावरून चालवायची,
मग भोकांवर चुन्याची पुरचुंडी
थाप, थाप, बाळाच्या पाठीवर थापतात तशी.
कागद उचलला की ठिपक्यांचं कमळ.
मे महिन्यातसुद्धा पंखा बंद.
एकदा वीजमीटरवाला आला,
गरम होतंय म्हणून बिचाऱ्यानं बटण दाबलं
आणि सकाळपासूनची अकरा कमळं
त्याच्या पँटवर.

जवळच्या रेघांना काहीच नको, नख पुरे.
रहिमतबीच्या डाव्या अंगठ्याचं नख
त्यासाठीच वाढवलेलं.
घडीवरून फिरवलं की कापड स्वतःच लक्षात ठेवायचं.
"रेघ अशी," ती म्हणायची,
"की सुईला कळावी, कापडाला कळू नये."

पांढऱ्या कापडाचीच सगळी अडचण.
पेन्सिल राहते, खडू दिसत नाही.
तेव्हा लेकीनं अप्पा बळवंत चौकातून
ते पेन आणलं, साठ रुपयांचं.
लिहा, इस्त्री फिरवा, गायब.
मी वेड्यासारखी कापडभर लिहीत सुटले.
चुकलेली पाकळी, इस्त्री.
परत चुकलेली, इस्त्री.
रहिमतबी तेवढी लांबून बघत होती,
तिचा एक डोळा तोवर दुधाळ झाला होता.

सहकारनगरच्या चौबळबाईंची ऑर्डर,
पांढरी, डबल बेडची, मुलगा लेहला असतो.
मंगळवारी द्यायची, काहीही करून.
सोमवारी रात्री एकला
मी शेवटची इस्त्री फिरवली,
कोपऱ्यातल्या पट्ट्यांच्या बेरजा गेल्या,
अस्तराचे पैसे गेले,
आणि त्यांच्याखाली
आठवड्यापूर्वी घाईत खरडलेली एक ओळ गेली.

मंगळवारी मी स्वारगेटवरून रिक्षानं
गोधडी पोचवायला गेले.
रहिमतबी ससूनला एकटी गेली, बसनं.
डोळ्याचं झालं. बोलली काही नाही.
मीही नाही.

जानेवारीत लेहहून फोटो आला.
बाहेर उणे सोळा, गोधडी रात्रभर व्हरांड्यात राहिलेली.
सगळं परत आलं होतं.
एका फुलाला नऊ पाकळ्या, चार माझ्या, पाच चुकीच्या,
बेरीज, खोडलेली बेरीज,
आणि कोपऱ्यात निळसर, कालच लिहिल्यासारखं:
मंगळवार नऊ वाजता ससून र.बी. सोबत जाणे.

मुलानं विचारलं होतं, काकू, हे डिझाइन आहे का?
हो, असं टाइप केलं.
पुसलं.
इस्त्री फिरवा म्हणजे जाईल, असं लिहिलं.
तेही पुसलं.
शेवटी लिहिलं, माझी चूक आहे,
पांघरायला काही हरकत नाही.

दुपारी रहिमतबीला फोटो दाखवला.
काळा चष्मा कपाळावर सरकवून
तिनं फोन नव्या डोळ्याजवळ नेला,
बराच वेळ धरला.
"अक्षर बरं आहे तुझं," म्हणाली,
आणि पिठाच्या डब्यात
दोरीचं टोक शोधायला लागली.